जेवत्या हाताला

१

हिंजवडीतल्या त्या सात मजली इमारतीत साडेतीन हजार माणसं कामाला होती. कुणाचा नळ गळला, दिवा मिणमिणला, खुर्चीचं चाक निखळलं, की त्याची खबर सगळ्यांत आधी हमीदा अत्तारला लागायची. तळमजल्यावर रिसेप्शनच्या पाठीमागे, जिथे पाहुण्यांची नजर जात नाही, तिथे तिची हेल्पडेस्कची खोली होती. एक संगणक, दोन फोन, एक वॉकीटॉकी आणि समोरच्या भिंतीवर ओळीने लावलेले सातही मजल्यांचे नकाशे. फोन वाजला की हमीदा ऐकून घ्यायची आणि तक्रार इंग्रजीत टाइप करायची. त्या तक्रारीला तिकीट म्हणत. तिकिटात रकाने पुष्कळ, पण खरा रकाना एकच, लोकेशनचा. बिघाड नक्की कुठे आहे ते तिथे लिहायचं.

इमारतीचा कारभार पाहणाऱ्या वासंती मॅडम या रकान्यावर डोळ्यांत तेल घालून बसलेल्या असत. सदाशिव पेठेत वाढलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या बाई. आवाज चढवायची त्यांना गरजच पडत नसे.

“‘निअर वॉशरूम’,” तिकीट वाचून त्या म्हणायच्या, “इमारतीत अठ्ठावीस वॉशरूम आहेत. आपण लोकेशन लिहिलंय की कोडं घातलंय?”

नव्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी सांगत: ज्याने ही इमारत जन्मात पाहिलेली नाही, त्याने तुझं वाक्य ऐकून धुरात, डोळे मिटून, त्या जागेवर पोचलं पाहिजे.

हमीदाला हे जमायचं. निदान तिला तसं वाटायचं. भवानी पेठेतल्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी. दोन वर्षं संध्याकाळी क्लासला जाऊन तिने इंग्रजी कमावलं होतं. शेजारपाजारच्या बायका पाणी भरायला जमल्या की तिची आई अख्तरबानू कुठून तरी विषय तिथेच आणायची, “आमची हमीदा सगळं इंग्रजीत लिहिते. मोठमोठे इंजिनिअर तिचं लिहिलेलं वाचून जातात.”

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला, हमीदा बाटली भरून जागेवर आली तर यादीत एक नवं तिकीट दिसलं. तक्रारीच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘वॉटर’. लोकेशन मात्र पाच-सहा ओळींचं होतं. इंग्रजी साधं, तिसरीच्या मुलालाही कळावं असं. त्याचं मराठी करायचं तर ते असं:

सहावा मजला. लिफ्टमधून बाहेर या. लिफ्ट पाठीशी ठेवा. ज्या हाताने जेवता, त्या हाताला वळा. एक्केचाळीस पावलं चाला. कुंड्यांच्या मागे दार आहे.

तिकीट कुणी टाकलं ते खाली आपोआप उमटतं. तिथे तिचंच नाव होतं.

आपणच फोन ऐकून टाइप केलं असेल आणि विसरलो असू, असं तिने स्वतःला सांगितलं. दिवसाला साठ-सत्तर तिकिटं होतात, सगळी कुठे लक्षात राहतात! तिने वॉकीटॉकीवर शकीलभाईंना कळवलं. शकीलभाई प्लंबिंग आणि विजेचं काम बघायचे. पन्नाशीचे, कमी बोलणारे. दहा मिनिटांनी ते स्वतःच खाली आले.

“पाणी कुठेच नाही. कुंड्यांच्या मागे दार पण नाही. भिंत आहे. तुला माहीत नाही का?”

“माहीत आहे.”

“मग?”

“पावलं किती भरली?”

शकीलभाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. “एक्केचाळीस,” ते म्हणाले. “नाक भिंतीला लागलं.”

ते गेल्यावर हमीदाने ते वाक्य पुन्हा वाचलं. ज्या हाताने जेवता, त्या हाताला. कुठल्याच क्लासमध्ये असं इंग्रजी शिकवत नाहीत. पण ते कुणाच्या बोलण्यातून आलं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिने संगणकाचा पडदा बंद केला आणि हातातली बाटली न पिताच खाली ठेवली.

२

मे महिन्यातल्या एका शनिवारची गोष्ट. शनिवारी अर्धी इमारत रिकामी असते. सकाळी अकरा चौदाला हेल्पडेस्कचा फोन वाजला.

बायडाबाई बोलत होत्या. साफसफाईच्या बायकांतल्या सगळ्यांत वयस्कर, साठीला टेकलेल्या, माण गावाकडून चालत येणाऱ्या. निळा एप्रन, पायांत रबरी चपला. हमीदावर त्यांचा जीव होता. काचेच्या दारांवर ‘पुश’ आणि ‘पुल’ लिहिलेलं असायचं आणि बायडाबाई रोज विचारायच्या, “ताई, यातलं ढकलायचं कंचं आन् वढायचं कंचं?” हमीदा रोज सांगायची आणि हसायची. त्या हसण्यात थोडा तोराही असायचा.

“ताई,” त्या फोनवर म्हणाल्या, “छातीत कळ आलीया. सहाव्याला हाय मी. लिफ्टीतनं भाईर आलं की जेवत्या हाताला. कुंड्यांच्या मागं बोळ हाय न्हवं, तितं बसलीया.”

“मावशी, लाइनवर राहा. आत्ता माणसं पाठवते.”

हमीदाने समोरचा नकाशा पाहिला. सहावा मजला, लिफ्टचा चौकोन, त्याच्या डाव्या बाजूला तो बोळ. तिने भराभर टाइप केलं, सिक्स्थ फ्लोअर, लेफ्ट ऑफ लिफ्ट, बिहाइंड प्लांट्स. स्पेलिंगसुद्धा एक चुकलं नाही.

त्या नकाशात लिफ्टचं दार खालच्या बाजूला होतं, म्हणून कागदावरचं डावं हे लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या माणसाचं उजवं होतं. नकाशा वरून बघायचा असतो आणि माणूस आतून चालत असतो. बायडाबाईंनी उजवा हात सांगितला होता. हमीदाने डावी बाजू लिहिली.

शकीलभाई आणि दोन रखवालदार स्ट्रेचर घेऊन सहाव्यावर पोचले आणि डावीकडे वळले. डावीकडेही कुंड्या होत्या. त्यांच्यामागे कपाटं होती, बंद खोल्या होत्या. त्यांनी एकूण एक दार उघडलं. बायडाबाई सापडल्या तेव्हा अकरा चाळीस झाले होते. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पंधरा मिनिटं आधी मिळत्या तर वाचल्या असत्या.

आठवड्याने चौकशी झाली. वासंती मॅडम, मुख्य कचेरीतून आलेले एक साहेब, शकीलभाई, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसलेली बायडाबाईंची मुलगी, तुळजाबाई. फोनवरचं बोलणं ऐकलेलं माणूस एकच होतं.

“बाई नेमकं काय म्हणाल्या?” साहेबांनी विचारलं.

हमीदाने टेबलावरच्या तिकिटाच्या प्रतीकडे पाहिलं. “डावीकडे म्हणाल्या,” ती म्हणाली.

“घाबरल्यावर माणसाला डावं-उजवं कळत नाही,” वासंती मॅडम तुळजाबाईकडे वळून हळुवारपणे म्हणाल्या. “त्यात लिहिता-वाचता येत नव्हतं. कुणाचाच दोष नाही हो.”

“हो ना,” हमीदा म्हणाली.

ते ‘हो ना’ कुणी मागितलं नव्हतं. तिने ते आपणहून दिलं. तुळजाबाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि पुन्हा पदराच्या टोकाशी चाळा करत बसली.

पुढच्या आठवड्यात कंपनीने सहाव्या मजल्यावरचा तो बोळ भिंत घालून बंद केला. चार फूट रुंद, सहा फूट खोल जागा ती. भिंतीला पांढरा रंग दिला आणि कुंड्या पुन्हा होत्या तशा मांडल्या.

३

दुसरं तिकीट पुढच्या मंगळवारी आलं. वेळ अकरा चौदा. पहिल्यासारखंच, फक्त शेवटी दोन वाक्यं जास्त: दार खांद्याने ढकला. अकरा पायऱ्या खाली उतरा.

हमीदाने आधी माणसांवर संशय घेतला. ती जेवायला जाते तेव्हा संगणक उघडा राहतो. कुणी तरी चेष्टा करत असेल. तिने पासवर्ड बदलला. त्यानंतरच्या मंगळवारी ती अकरा वाजल्यापासून खुर्चीतून उठलीच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बिघडलेल्या पंख्याचं तिकीट ती टाइप करत होती, दोन्ही हात कळफलकावर होते, आणि तिच्या डोळ्यांदेखत यादीत एक ओळ खाली सरकली आणि तिच्या जागी नवी ओळ आली. वॉटर. सहावा मजला. खाली तिचंच नाव.

या वेळी आणखी एक वाक्य होतं: भिंत धरून उतरा, ओली आहे.

“अकरा पायऱ्या?” शकीलभाई म्हणाले. “खाली पाचवा मजला आहे. तिथे अकाउंट्सवाले बसतात. पायऱ्या काय त्यांच्या डोक्यावर उतरणार?”

“तुम्ही एकदा बघून या, शकीलभाई.”

ते गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. तिच्या खोलीशेजारच्या बेसिनवर हात धुवायला लागले. पुष्कळ वेळ धूत राहिले.

“काय झालं?”

“भिंत गार आहे.”

“एसीची लाइन जात असेल मागून.”

“लाइन मीच टाकली आहे,” शकीलभाई म्हणाले. “तिथून जात नाही.” त्यांनी तळवे पँटला पुसले. “हमीदा, एक विचारू? तू हे का लिहितेस?”

“मी लिहीत नाही.”

ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांना खरं वाटलं नाही, हे तिला दिसलं. आणि का वाटावं? मे महिन्यापासून तिच्या शब्दाची काय किंमत होती, हे तिचं तिला माहीत होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी महिन्याची बैठक झाली. वासंती मॅडमनी दिवे मंद केले आणि पडद्यावर एक तिकीट मोठं करून दाखवलं.

“हे वाचा,” मॅडम म्हणाल्या. “दार आणि पायऱ्या कुठून आल्या ते मला विचारू नका, ती बहुधा आमच्या लेखिकेची प्रतिभा. पण लिहिण्याची पद्धत बघा. लेफ्ट नाही, राइट नाही. लिफ्ट पाठीशी ठेवा, जेवायच्या हाताला वळा. यात कुणाची चूक होऊच शकत नाही. हे आपल्याला तीन महिन्यांपूर्वी सुचलं असतं तर...” त्या थांबल्या. “असो. हमीदा, उभी राहा.”

हमीदा उभी राहिली. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या.

त्या क्षणी तिला सांगता आलं असतं. ‘मॅडम, हे माझं नाही. ही वाक्यं बायडाबाईंची आहेत. त्यांनी मला फोनवर असंच सांगितलं होतं, असंच बिनचूक.’ एवढंच. शेवटच्या रांगेत शकीलभाई हाताची घडी घालून बसले होते. टाळ्या न वाजवणारे तेवढे एकच.

“थँक यू, मॅडम,” हमीदा म्हणाली आणि खाली बसली. तिचे कान इतके तापले होते, की शेजारच्या मुलीने विचारलं, बरं वाटत नाही का?

४

वासंती मॅडमना आता ही पद्धत सगळ्या इमारतीला लावायची होती. त्याआधी चाचणी हवी. बुधवारी सकाळी त्यांनी हमीदाला आणि शकीलभाईंना सहाव्या मजल्यावर बोलावलं.

“धूर आहे असं समजू,” त्या म्हणाल्या. “हमीदाचे डोळे बांधू. शकील तिकीट वाचेल, ती चालेल. भिंतीशी थांबली की झालं.”

“मॅडम, दुसरं एखादं लोकेशन घेऊ या?” हमीदा म्हणाली.

“का? स्वतःच्या लिहिण्यावर विश्वास नाही?”

हमीदाने आपल्या ओढणीनेच डोळे बांधून घेतले. बाहेर लख्ख ऊन होतं. ओढणीतून नुसता तांबूस उजेड जाणवत होता. पाठीला लिफ्टचं गार दार. पलीकडे कुणाच्या तरी टेबलावर फोन वाजत होता, कळफलक टकटकत होते. भ्यायचं कारण काय? ऑफिस आहे, दिवस आहे, दोन माणसं बरोबर आहेत. पुढे भिंत आहे. भिंतीला हात लागला की थांबायचं.

ती जेवायच्या हाताला वळली आणि मोठ्याने मोजू लागली.

विसाव्या पावलापर्यंत फोन ऐकू येत होता. तिसाव्याला कळफलक थांबले. पस्तीस, छत्तीस. कुंडीचं एक पान हाताला घासलं. एकोणचाळीस. चाळीस. तिने हात पुढे केला.

एक्केचाळीस.

हाताला काही लागलं नाही.

थांबायचं, असं डोक्यात आलं, पण पाऊल आधीच उचललेलं होतं. ते खाली गेलं. गालिचा नव्हता. दगड होता, खडबडीत, आणि अंगठ्याला ओल लागली. बेचाळीस. आणखी खाली. कुणीतरी मोजत होतं. आवाज तिचाच होता, पण लांबून, तळातून वर आल्यासारखा. तिने डाव्या हाताने भिंत चाचपली. ती ओली होती. तांबूस उजेड गेला आणि ओढणीच्या आत अंधार झाला.

बावन्नला पायऱ्या संपल्या.

तिथे कुणीतरी श्वास घेत होतं. तिच्या गुडघ्याच्या उंचीवर, बसलेल्या माणसाचा श्वास. एक लांब, मग एक तुटका, मग मध्ये काहीच नाही, मग पुन्हा लांब.

हा श्वास तिने ओळखला. कारण तो तिने पूर्वी ऐकला होता आणि ऐकल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं. मेमधल्या त्या शनिवारी तिने ‘लाइनवर राहा’ म्हणून फोन बंद न करता टेबलावर ठेवला होता. टाइप करून झाल्यावर तो पुन्हा कानाला लावला होता. त्यात बायडाबाईंचा श्वास होता. दुसऱ्या हातात वॉकीटॉकी होता, त्यावर शकीलभाई म्हणत होते, “इथे कुणी नाही, नीट विचार, कुठली बाजू?” आणि अकरा चोवीसला, समोरच्या नकाशाकडे बघता बघता, हमीदाला आपली चूक कळली होती. कळली तरी ती गप्प बसली. तिकिटात दुरुस्ती केली तर ती वेळेसकट कायमची दिसते. शोधतील, सापडतील, आता सापडतीलच, असं म्हणत ती श्वास ऐकत बसली. दहा-अकरा मिनिटं. अखेर तिने ‘उजवीकडे बघा’ म्हटलं, तेव्हा फोनमध्ये काही ऐकू येत नव्हतं.

आता तो श्वास तिच्या पायांशी होता.

तिने खाली पाहिलं. ओढणी नाकापाशी जरा सुटी झाली होती. तेवढ्या फटीतून हातभर जागा दिसली. काळं, हलत नसलेलं पाणी. त्यात घोट्यापर्यंत बुडालेली दोन पावलं, रबरी चपलांसकट. गुडघ्यांवर ओढलेली निळ्या एप्रनची कड. आणि त्या कडेवर पालथा ठेवलेला एक हात, जो सावकाश उताणा होत होता, काहीतरी मागावं तसा.

“हमीदा!”

कुणीतरी ओढणी खेचली. डोळ्यांत ऊन घुसलं. ती पांढऱ्या भिंतीला कपाळ टेकवून उभी होती. वासंती मॅडम तिच्या दंडाला धरून होत्या.

“एक्केचाळीसला थांबायचं होतं ना? बावन्नपर्यंत काय मोजत होतीस? आणि जागच्या जागी पाय काय आपटत होतीस?”

शकीलभाई खाली बघत होते, तिच्या सँडलकडे. फिक्या करड्या गालिच्यावर, तिच्या पावलांभोवती, काळ्या चिखलाचं पाणी पसरत होतं.

५

त्याच दुपारी हमीदाने एक पानभर लिहिलं. इंग्रजीतच लिहिलं, कारण चौकशीतला जबाबही इंग्रजीत होता आणि त्याच्याखाली तिची सही होती. बायडाबाई काय म्हणाल्या ते शब्द न् शब्द. आपण काय लिहिलं. चूक किती वाजता कळली. आणि त्यानंतर किती वेळ आपण गप्प राहिलो. इतकं साधं इंग्रजी तिने जन्मात लिहिलं नव्हतं.

वासंती मॅडमनी उभ्याउभ्या वाचलं. मग दार लावलं आणि पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. त्या वाईट नव्हत्या.

“चौकशी संपली आहे,” त्या म्हणाल्या. “कंपनीने त्या घराला जे द्यायचं ते दिलंय. यातून बाई परत येणार आहेत का?”

“नाही, मॅडम.”

“मग हा कागद कुणासाठी आहे? तुला हलकं वाटावं म्हणून?”

मॅडमनी कागद टेबलावर तिच्यापुढे सरकवला.

“घेऊन जा तो,” मॅडम म्हणाल्या. हमीदाने तो घेतला नाही. टेबलावर तसाच ठेवून ती बाहेर आली, आणि सकाळपासून आपल्या सँडल ओल्याच आहेत हे तिच्या लक्षात आलं. इतका वेळ एसीत बसूनही त्या वाळल्या नव्हत्या.

६

रविवारी सकाळी ती बसने माणला गेली. विचारत विचारत तुळजाबाईचं घर सापडलं. पत्र्याचं, पुढे सारवलेलं अंगण. तुळजाबाई अंगणात पाट टाकून मेथी निवडत होती. हमीदाला पाहून ती दचकली नाही. आतून दुसरा पाट आणला.

“बसा, ताई.”

हमीदा बसली नाही. उभ्यानेच बोलली, नाही तर धीर सुटला असता. “मी खोटं बोलले होते. तुमच्या आईंनी डावीकडे असं म्हटलं नव्हतं. त्यांनी बरोबर सांगितलं होतं. चूक माझी होती.”

तुळजाबाईने मेथीची एक काडी मोडली. “ठाऊक हाय मला.”

“कधीपासून?”

“तवापास्नंच. आमच्या आयनं जन्मात कधी डावीकडं-उजवीकडं म्हटलं न्हाई. तिच्या तोंडातच त्यो शब्द न्हवता. तुमी म्हनलात, तवाच कळलं मला.”

“मग तुम्ही तिथे बोलला का नाहीत?”

“कुनापुढं बोलू? समदी विंग्रजीत लिहीत व्हती.” तिने दुसरी काडी उचलली. “मला वाटलं, ही ताई बोलंल. आज बोलंल, उद्या बोलंल. मी तुमच्याकडं बघत व्हते न्हवं.”

हमीदा पाटावर बसली. मग तिने उरलेलंही सांगितलं, फोनचं. हे मात्र तुळजाबाईला ठाऊक नव्हतं. निवडलेली मेथी तिच्या मांडीवरून खाली सांडली आणि तिने ती उचलली नाही.

“काय ऐकू येत व्हतं?”

“श्वास.”

“हाक मारली का तिनं? नाव घेतलं का कुनाचं?”

“नाही.”

“आन् तुमी काय बोललात?”

“काहीच नाही.”

“‘येतायत, मावशी’, एवढं पन न्हाई?”

हमीदाने मान हलवली. तिला वाटलं, आता ही बाई उठेल, हाताला धरून आपल्याला अंगणाबाहेर काढेल. काढलं तर बरं होईल. तुळजाबाई उठली नाही. ती म्हणाली, “आमाला वर कुनी जाऊ दिलं न्हाई. जागा कशी हाय ती मी बघितली बी न्हाई. तुमी सांगा मला. आय कुटं हाय?”

‘होत्या’ असं म्हणायला हमीदाने तोंड उघडलं, आणि मिटलं.

मग ती सांगू लागली. मराठीत, सावकाश, डोळे न मिटता. लिफ्ट, वळण, पावलं, कुंड्या. भिंतीपाशी ती थांबेल असं तिला वाटलं होतं. ती थांबली नाही. दार कसं आहे ते तिने सांगितलं, लाकूड कुठे फुगलंय, खांदा कुठे लावायचा. पायऱ्यांतली सातवी हलते, तिच्यावर भार टाकायचा नाही. खाली उतरलं की पाणी घोट्यापर्यंत. पण बुधवारी ते घोट्यापर्यंत होतं, आता पोटरीपर्यंत चढलंय. उजव्या अंगाला एक ओटा आहे, त्यावर त्या बसल्या आहेत. यातलं बरंचसं कुठल्याच तिकिटात नव्हतं. हे आपल्याला कसं ठाऊक, असं ती मनाशी विचारत होती, आणि तोंडातून पुढचं वाक्य येत होतं, साधं, बिनचूक, जराही न अडखळता.

ती गप्प झाली तेव्हा ऊन अंगणभर पसरलं होतं. तुळजाबाई उठली. तिने दाराची कडी घातली, पदर खोचला आणि चपला पायांत सरकवल्या.

“तुळजाबाई, तिथे भिंत आहे,” हमीदा म्हणाली. “खरंच भिंत आहे.”

“असंल.”

“ते आपल्याला आत सोडणार नाहीत.”

तुळजाबाई अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि रस्ता मोकळा ठेवून बाजूला झाली.

“तुमी फुडं व्हा,” ती म्हणाली. “मी हाय मागं.”